घेतलेले कष्ट आणि वाट्याला आलेले कष्ट



आज विषय खेळाचा आहे, पण त्यातला प्रश्न नीतीचा आहे. आपल्या धर्मग्रामातील काही तरुण नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, नागपूर, बंगळुरू येथे राहतात. त्यांच्यापैकी काहींनी अलीकडे 'ट्रायथलॉन' या शर्यतीचा ध्यास घेतला आहे. पैसे साठवून, रजा काढून परदेशी जाऊन ही शर्यत करायची असा त्यांचा बेत आहे. त्यांच्या घरच्यांनी वेगवेगळ्या शब्दांत मला एकच गोष्ट विचारली: फादर, हे योग्य आहे का? 'हो' किंवा 'नाही' एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. म्हणून हा लेख.

शर्यत कशी असते?

ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी आपल्याकडच्या अंतरांत सांगतो. प्रथम १.९ किलोमीटर पोहायचे, म्हणजे ५० मीटरच्या तलावात या काठापासून त्या काठापर्यंत ३८ वेळा. पाण्यातून बाहेर येताच सायकलवर बसून ९० किलोमीटर जायचे, म्हणजे जवळजवळ यवतमाळहून निघून अमरावतीला आपल्या कॅथीड्रलपर्यंत. सायकल ठेवली की लगेच २१.१ किलोमीटर धावायचे. यवतमाळहून कळंबला पायी निघालेला माणूस तेवढ्यात गावाच्या जवळ पोचेल. एकूण ११३ किलोमीटर होतात. मैलांत हा आकडा ७०.३ येतो, म्हणून हिला '७०.३' किंवा 'हाफ आयर्नमॅन' म्हणतात. साधारण साडेआठ तासांत सगळे संपवावे लागते. पोहण्याला आणि सायकलला वेगळी मुदत असते. ती चुकली की स्पर्धकाला तिथेच थांबवतात, मग तो कितीही दुरून आलेला असो.

याच्या दुप्पट अंतराची पूर्ण आयर्नमॅन शर्यत फेब्रुवारी १९७८ मध्ये हवाई बेटांवर सुरू झाली. पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. आपल्याकडे तिचे नाव सर्वसामान्यांच्या कानावर गेले ते २०१५ मध्ये, मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ती पूर्ण केली तेव्हा. पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी ती अनेकदा पूर्ण केली आणि प्रशिक्षक म्हणून इतरांनाही तयार केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात ७०.३ सुरू होईपर्यंत मात्र ही शर्यत करायची तर देशाबाहेरच जावे लागे. २०१८ पासून कोलंबो हे त्यातल्या त्यात जवळचे ठिकाण झाले. गोव्यात सोय झाल्यावरही नवा देश, थंड हवा, वेगळा रस्ता यांच्या ओढीने बाहेर जाणारे आहेतच.

तयारी पाच-सहा महिन्यांची असते. नोकरी सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास द्यावे लागतात. पहाटे पोहणे, संध्याकाळी धावणे, सुट्टीच्या दिवशी लांब पल्ल्याची सायकल. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याचा सराव वेगळा करावा लागतो, कारण त्या वेळी पाय आपले राहिलेले नसतात, लाकडाचे झालेले असतात. तलावात तळाशी काळी रेघ दिसते. समुद्रात ती नसते. तिथे दर काही हातांनी डोके वर काढून पाण्यावर तरंगणारी खूण शोधावी लागते, नाहीतर सरळ पोहतो आहोत असे वाटत असताना माणूस भलतीकडे जातो. सायकल चालवता चालवता खायची सवयसुद्धा पोटाला लावावी लागते. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून जीवावर बेतू शकते, म्हणून पाण्याबरोबर मिठाचाही हिशोब ठेवावा लागतो. शेवटी सायकल सुटी करून पेटीत भरायची, विमानाने न्यायची आणि परक्या गावी पुन्हा जोडायची. शर्यतीचे शुल्क, व्हिसा, तिकीट, राहणे आणि सायकल यांचा खर्च लाखांच्या घरात जातो.

एका आईचा प्रश्न

अशाच एका मुलाच्या आईने मिस्सानंतर मला विचारले, "फादर, याचा बाप रोज वावरात मरमर करते, त्याले कोनी मेडल देल्लं काय?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. एकाच घरात दोन शरीरे आहेत. एक शरीर पहाटे उठून स्वतःहून घाम गाळते, घड्याळ लावून, डाएट ठरवून. दुसरे शरीर पहाटे उठून घाम गाळते, कारण डवरणी थांबवता येत नाही, फवारणी पुढे ढकलता येत नाही आणि वेचणीला मजूर मिळत नाहीत. पहिल्याच्या कष्टाला आपण 'जिद्द' म्हणतो, फोटो काढतो, हार घालतो. दुसऱ्याच्या कष्टाला 'नशीब' म्हणतो. घाम तोच, खारटपणा तोच. मग आपण पूजा कशाची करतो?

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या उन्हातही वावरातली कामे असतात. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. शरीराची परीक्षा म्हणजे काय, हे यवतमाळला कोणी हवाई बेटांवरून येऊन शिकवायला नको.

कठीण म्हणजे चांगले का?

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. ॲरिस्टॉटल धैर्याविषयी लिहिताना मुष्टियोद्ध्यांचे उदाहरण घेतो. त्यांना हवा असतो मुकुट आणि सन्मान, तो गोड असतो. पण वाटेत इतके ठोसे बसतात की ते गोड ध्येय अगदी लहान दिसू लागते. ध्येय आणि वेदना यांचा असा हिशोब प्रत्येक खेळाडूला करावा लागतो.

संत थॉमस अक्वायनस एक पाऊल पुढे जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सद्गुणाचे मर्म चांगुलपणात आहे, अवघडपणात नाही. एखादी गोष्ट अधिक कठीण आहे एवढ्याने ती अधिक पुण्याची होत नाही. एखादा माणूस प्रेमाने सहज दान देतो आणि दुसरा दात-ओठ खात देतो, तर दुसऱ्याला जास्त त्रास झाला म्हणून त्याचे दान मोठे ठरत नाही.

हे वाक्य मनात ठेवून आपण दोन्ही शरीरांकडे पाहू या. त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना होतो.

प्रथम शर्यतीकडे. ११३ किलोमीटर कठीण आहेत, एवढ्यावरून ते थोर ठरत नाहीत. चोरही रात्रभर जागून भिंत फोडतो. आपल्या तरुणांनी 'मी किती सोसले' हे सांगू नये असे नाही, पण ते सोसणे कशासाठी होते हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

आता वावराकडे. येथे आपण, विशेषतः आम्ही प्रवचने करणारे लोक, वेगळ्या प्रकारे घसरतो. शेतकऱ्याचे कष्ट पवित्र आहेत, त्याचा घाम म्हणजे प्रार्थना आहे, असे बोलायला सोपे जाते. पण कठीण म्हणजे चांगले नव्हे, हा नियम येथेही लागू आहे. तोंडाला साधे फडके बांधून विषारी औषध फवारणे हा पराक्रम नाही. तो टाळता येण्यासारखा धोका आहे. त्याची स्तुती करून आपण त्याला मास्क देत नाही, कापसाला भाव देत नाही, कर्ज फेडत नाही. वाट्याला आलेल्या कष्टाला मेडल नको आहे. ते कष्ट हलके व्हायला हवे आहेत. म्हणून त्या आईच्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हे आहे: बाई, तुमच्या मालकांना मेडल मिळाले नाही हा अन्याय नाही. त्यांच्या मेहनतीला दाम मिळाला नाही, हा अन्याय आहे.

मग स्वतःहून घेतलेल्या कष्टात काय चांगले?

संत पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिले. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावपटूचा आणि त्याच्या संयमाचा दाखला देतात, आणि तो मुकुट सुकून जाणारा आहे याचीही आठवण करून देतात. पण हे करताना पौल प्रेक्षकांत बसून बोलत नव्हते. करिंथमध्ये ते तंबू शिवण्याचे काम करून पोट भरत होते. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात ते स्वतःच्या हातांनी राबण्याचाही उल्लेख करतात. धावपटूचे कष्ट आणि कारागिराचे कष्ट एकाच पत्रात आहेत. पौलांनी एकाची थट्टा करून दुसऱ्याला मोठे केले नाही.

आपण 'तपश्चर्या' या अर्थाने जो ग्रीक शब्द ख्रिस्ती परंपरेत वापरतो, तो 'आस्केसिस' शब्द मुळात सरावाचा आणि खेळाडूंच्या तालमीचा आहे. नंतर तो मठवासीयांकडे आला. उपवासकाळात आपण जेवण सोडतो तेव्हा तेही स्वतःहून घेतलेले कष्टच असतात. ज्याच्या घरी धान्य नाही त्याची उपासमार वेगळी आणि आपला उपवास वेगळा. तरी उपवास निरर्थक ठरत नाही. तो इच्छेला लगाम घालायला शिकवतो आणि भुकेल्याची आठवण देतो. आठवण दिली नाही तर मात्र तो नुसता पथ्याचा प्रकार होतो. शर्यतीलाही हीच कसोटी लावता येईल.

या कसोटीवर शर्यतीच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. या तयारीला वशिला चालत नाही आणि घाईही चालत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास होतो, पण आदल्या आठवड्यात जास्त धावून कोणी ट्रायथलॉन करू शकत नाही. सुरुवातीला जोर असतानाही हळू जायला शिकावे लागते. सायकलच्या टप्प्यात दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणे नियमाविरुद्ध आहे. साधारण १२ मीटर अंतर ठेवावे लागते. ९० किलोमीटरच्या रस्त्यावर प्रत्येक वळणावर पंच नसतो. तेव्हा कोणी पाहत नसताना समोरचा वारा स्वतःच्या छातीवर घेणे ही सचोटीची तालीमच आहे. जो तरुण हे मनापासून शिकला, तो कार्यालयातही दुसऱ्याच्या कामाच्या आडोशाला राहून पगार घेणार नाही अशी आशा करायला जागा आहे.

अमेरिकेतील सिस्टर मॅडोना बुडर यांचे उदाहरण पाहा. १९३० साली जन्मलेल्या या धर्मभगिनी वयाच्या ४८ व्या वर्षी एका धर्मगुरूंच्या सूचनेवरून धावू लागल्या. ५५ व्या वर्षी त्यांनी पहिली आयर्नमॅन केली, आणि २०१२ मध्ये ८२ व्या वर्षी कॅनडातील पूर्ण अंतर १७ तासांच्या मुदतीत पार केले. काही शर्यतींत मुदत हुकल्यामुळे त्यांना थांबावेही लागले. तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्या वयाच्या स्त्रियांसाठी गटच नव्हते. त्या आल्या म्हणून ते उघडावे लागले. म्हातारपण म्हणजे फक्त कोपऱ्यात बसणे नव्हे, हे त्यांच्या मागून येणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यांच्याकडून कळले. स्वतःहून घेतलेले कष्ट दुसऱ्यासाठी दार उघडतात, ते असे.

धोका कोठे आहे?

पहिला धोका हा की शरीर देव होते. वजन, वेळ, नाडीचे ठोके यांखेरीज दुसरे बोलणेच सुचत नाही. घरातल्यांना माणूस दिसतो तो फक्त झोपलेला किंवा निघालेला. लांब सायकलिंग बहुधा रविवारी सकाळी असते आणि शर्यतीही बहुधा रविवारीच होतात. ज्यांना ही अडचण आहे त्यांच्यासाठी शहरांतून शनिवारी संध्याकाळची मिस्सा असते, हे सांगून ठेवतो. पण मिस्सेइतकाच मला रविवारच्या घरच्या जेवणाचाही विचार पडतो. आठवड्यातून एकदा येणारा गावाकडचा फोन 'मी राइडवर आहे' म्हणून सहा महिने तुटत असेल, तर शिस्तीच्या नावाखाली काहीतरी दुसरेच वाढत आहे.

दुसरा धोका 'मी एकट्याने केले' या भ्रमाचा. शर्यतीचा नियम सांगतो की बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. पंक्चरसुद्धा स्वतः काढायचे. नियम म्हणून ते ठीक आहे. पण रस्त्यात पाण्याची बाटली हातात देणारे स्वयंसेवक कोण? पाण्यात लहान होड्या घेऊन लक्ष ठेवणारे कोण? आणि मुळात ज्या बापाने कापूस विकून इंजिनिअरिंगची फी भरली, तो शर्यतीच्या बाहेरचा कसा?

अमेरिकेतील डिक आणि रिक हॉयट या पिता-पुत्रांनी हा भ्रम पुरता मोडला. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. त्याला चालता-बोलता येत नव्हते. संगणकाच्या मदतीने तो आपले म्हणणे सांगे. १९७७ मध्ये वडिलांनी त्याची खुर्ची ढकलत पहिली शर्यत पूर्ण केली. धावताना आपण अपंग आहोत असे वाटत नाही, असे रिकने त्यांना कळवले. १९८९ मध्ये दोघांनी हवाईची आयर्नमॅन पूर्ण केली. वडील पोहत होते तेव्हा दोरीने होडी ओढत होते आणि होडीत मुलगा होता. सायकलवर पुढच्या आसनावर मुलगा होता. धावताना पुढच्या खुर्चीत मुलगा होता. येथे बापाने मुलाला वाहिले. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हेच चालले आहे, फक्त बापाच्या छातीवर क्रमांक लावलेला नाही.

पैशाचा प्रश्न

'एवढ्या पैशात गरिबाचे भले झाले असते' हा आक्षेप हमखास येतो. बेथानीत मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले तेव्हाही तो आला होता, आणि शुभवर्तमानात तो यहूदाच्या तोंडी आहे. म्हणून तो आक्षेप घेणारा प्रत्येक जण गरिबांचा कैवारी असतोच असे नाही. लग्नात लाखो उडवणाऱ्याने खेळाडूला काटकसर शिकवू नये. पण त्या प्रसंगातले एक विसरू नये: मरियेने ते तेल दुसऱ्याच्या चरणांवर ओतले होते, स्वतःच्या डोक्यावर नव्हे. तेव्हा खर्च कोणावर होतो आहे हे पाहावेच लागते.

माझे मत स्पष्ट सांगतो. घरावर सावकाराचे किंवा बँकेचे कर्ज थकलेले असताना, बहिणीचे शिक्षण किंवा आईचे ऑपरेशन अडलेले असताना परदेशी शर्यतीला जाणे योग्य नाही. कर्ज काढून जाणे तर मुळीच नाही. पण घरची कर्तव्ये पार पाडून, स्वतःच्या कमाईतून साठवून कोणी जात असेल तर त्याला पापी ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि तुम्हालाही नाही. माणसाला फक्त उपयोगासाठी निर्माण केलेले नाही. खेळ, गाणे, डोंगर चढणे यांतही माणूसपण फुलते. पोप जॉन पॉल दुसरे स्वतः डोंगरात चालत आणि बर्फावर स्की करीत. २०१८ च्या जूनमध्ये व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजही प्रसिद्ध केला.

जाणाऱ्यांसाठी तीन प्रश्न

जे तरुण जाणार आहेत त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी आणि परत आल्यावरही स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात.

एक: माझ्या या तयारीची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण मोजत आहे, आणि मी त्यांना विचारले आहे का?

दोन: मुदत चुकून मला मध्येच थांबवले, मेडल मिळालेच नाही, तरी या सहा महिन्यांनी माझ्यात काही चांगले उरेल का? उरणार नसेल तर मी पानांच्या मुकुटामागे लागलो आहे.

तीन: थकवा म्हणजे काय हे शरीराने कळल्यावर, ज्यांचा थकवा त्यांनी निवडलेला नाही त्यांच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो का? त्या नजरेतून काही कृती होते का? पहाटे शहरातल्या रस्त्यांवर आपली मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्या पायांत अनेकदा धड बूट नसतात आणि त्यांच्या शर्यतीवर अख्ख्या घराचे पोट अवलंबून असते. ज्याने परदेशी जाऊन धावण्याचे शास्त्र शिकले, त्याने सुट्टीत येऊन चार सकाळी या मुलांना श्वास, वेग आणि दुखापत यांविषयी शिकवले, तर त्याचे मेडल त्या आईलाही कळेल. आणि जो बाप अजून साध्या फडक्यावर फवारणी करतो, त्याला चांगला मास्क, हातमोजे आणि चष्मा घेऊन देणे हे तर परदेशी जाण्याआधीच करता येईल. त्याला शर्यतीच्या खर्चाचा अगदी लहानसा भाग पुरतो.

घरच्यांनाही एक विनंती. मुलगा निघाला असेल तर टोमणे मारून पाठवू नका. त्याला वावरात घेऊन जा, एक दिवस कापूस वेचू द्या, संध्याकाळी दोघांची पाठ सारखीच दुखेल. मग एकमेकांना विचारा की तुझे कसे झाले. बाप-लेक अनेक वर्षांत एकमेकांच्या शरीराविषयी, थकव्याविषयी बोललेले नसतात. तेवढे बोलणे झाले, तरी या शर्यतीने आपल्या घराला काहीतरी दिले असे मी म्हणेन.

आपला,
धर्मगुरू